एक्याऐंशीवी आगगाडी



गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची ही गोष्ट आहे. शाळा सुटली होती. परंतु पावसाची झड काही थांबेना, म्हणून पाच-सहा मुले वर्गातच खोळंबून राहिली होती. माझ्या थोरल्या बंधूंनी गोव्याहून पाठविलेला एक जुना संगणक मी शाळेत आणून ठेवला आहे. त्यावर ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ नावाचा डावपेचांचा एक जुना खेळ आहे. इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी कित्येक शनिवार तो मन लावून खेळत होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. पडद्यावर एक नकाशा दिसतो. त्यात गावे, कोळशाच्या खाणी, वीजघरे, कारखाने असतात. खेळणाऱ्याने कर्ज काढून रूळ टाकायचे, स्थानके बांधायची, कोळसा वीजघरापर्यंत पोहोचवायचा, उतारूंची ने-आण करायची आणि मिळालेल्या नफ्यातून नव्या गाड्या घ्यायच्या. आमच्या या विद्यार्थ्याने एका गाडीपासून आरंभ करून ऐंशी गाड्या केल्या होत्या. त्या दिवशी त्याने एक्याऐंशीवी गाडी मागितली, आणि संगणकाने साफ नकार दिला.

“बाई, पैसे आहेत, रूळ टाकलेले आहेत, स्थानकात माल पडून आहे. मग गाडी का देत नाही? आपल्या वापीच्या स्टेशनातून तर रोज कितीतरी गाड्या जातात!”

मी कलाशाखेची पदवीधर. गणिताशी माझे सख्य बेताचेच. त्या दिवशी “पाहून सांगते” एवढेच उत्तर मी देऊ शकले. पुढे काही महिने सवडीने वाचले, जाणत्यांना विचारले, तेव्हा कळले की, त्या एका नकारामागे एक मनोरंजक आणि बोधप्रद हकीकत दडलेली आहे. तीच येथे सांगण्याचा प्रयत्न करते.

मर्यादा येते कोठून?

हा खेळ ख्रिस सॉयर नावाच्या स्कॉटिश प्रोग्रामरने रचला. 1994 साली मायक्रोप्रोज या कंपनीने तो प्रसिद्ध केला आणि त्याची वाढविलेली ‘डीलक्स’ आवृत्ती 1995 साली आली. सॉयर यांनी तो जवळजवळ सगळा ‘असेंब्ली’ भाषेत लिहिला. संगणकाच्या यंत्राला सर्वांत जवळची अशी ही भाषा. तिच्यात एक-एक बारीक आज्ञा स्वतः लिहावी लागते. त्या काळच्या घरगुती संगणकाची स्मृती चार किंवा आठ मेगाबाइट एवढीच असे. आज आपल्या घरातील साध्या मोबाइलची स्मृतीही त्याच्या कित्येक पटींनी मोठी असते.

अशा टंचाईत लेखकाला काटकसरी गृहिणीप्रमाणे वागावे लागले. घरात जागा थोडी असली म्हणजे ती आधी फळीवर डब्यांच्या जागा ठरविते आणि मग तेवढेच डबे आणते. सॉयर यांनीही संपूर्ण खेळातील वाहनांसाठी 850 कप्पे आखून ठेवले. प्रत्येक इंजिनाला एक कप्पा आणि प्रत्येक डब्याला एक कप्पा. एका कप्प्यात 128 बाइट, म्हणजे एकूण 1,08,800 बाइट. शिवाय प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त 80 आगगाड्या, 80 मोटारी, 50 जहाजे आणि 40 विमाने, असे बंधन घातले.

तेव्हा एक्याऐंशीवी गाडी न मिळण्याचे कारण सृष्टीच्या नियमात नव्हते आणि खेळाच्या तर्कातही नव्हते. ते 1994 सालच्या संगणकाच्या लहान फळीत होते.

मग कोणी म्हणेल, जेथे 80 लिहिले आहे तेथे 5000 लिहा, की झाले काम! इतके सोपे असते तर हा लेख येथेच संपला असता.

आठ दिव्यांच्या बटणांचा हिशेब

1990 च्या दशकातच जोसेफ ड्रेक्सलर यांनी या खेळासाठी ‘टीटीडीपॅच’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहावयास घेतला. पॅच म्हणजे ठिगळ. हे ठिगळ लावण्याची रीत मोठी चतुराईची होती. मूळ खेळाच्या फायलीला हात न लावता, खेळ सुरू होऊन स्मृतीत आला की तेथल्या आज्ञा बदलून टाकायच्या. या उपायाने आगगाड्यांची मर्यादा 80 वरून 240 पर्यंत नेता आली. परंतु 240 च का? 2400 का नव्हे?

याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या वर्गातील दिव्यांच्या बटणांकडे पाहा. एक बटण एक तर चालू असते किंवा बंद. म्हणजे एका बटणाने दोनच गोष्टी सांगता येतात. दोन बटणांनी चार, तीन बटणांनी आठ, अशा रीतीने दुप्पट करीत गेल्यास आठ बटणांच्या 256 वेगवेगळ्या रचना होतात. संगणकातील अशा एका बटणाला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला ‘बाइट’. म्हणून एका बाइटात शून्यापासून 255 पर्यंतचेच आकडे मावतात. 255 मध्ये एक मिळविला तर काय होईल? जुन्या मोटारसायकलीचा किलोमीटर दाखविणारा काटा 99999 च्या पुढे गेला की पुन्हा 00000 दाखवितो, तसेच येथे होते. 255 नंतर शून्य!

खेळातील गाड्यांचे क्रमांक एकेका बाइटात लिहिलेले होते. 240 हा आकडा 255 च्या किंचित अलीकडे येतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. पायलीच्या मापात पायलीपेक्षा अधिक धान्य मावत नाही. अधिक ओतले तर ते सांडते. अधिक धान्य मोजावयाचे असेल तर मापच बदलावे लागते.

नकाशाची वेस

आता नकाशाचा विचार करू. बुद्धिबळाच्या पटावर आठ गुणिले आठ, म्हणजे 64 घरे असतात. या खेळाच्या पटावर 256 गुणिले 256, म्हणजे 65,536 घरे होती. हा आकडा सहज निवडलेला नाही. दोन बाइटांत बरोबर 65,536 आकडे मावतात. एका बाइटाने घर ओळीत कितवे ते सांगावयाचे आणि दुसऱ्याने ओळ कितवी ते. एकही बिट वाया गेला नाही, आणि एकाही बिटाची जागा उरली नाही.

आता पाहा, घरांना शून्यापासून ओळीने क्रमांक दिले तर दहाव्या क्रमांकाच्या घराच्या बरोबर खाली कोणते घर येईल? एका ओळीत 256 घरे असल्यामुळे 10 अधिक 256, म्हणजे 266 व्या क्रमांकाचे. ‘खालच्या घरात जा’ असे सांगण्यासाठी ‘256 मिळवा’ अशी आज्ञा पुरेशी होती. खेळात ही आज्ञा असंख्य ठिकाणी विखुरलेली होती. गाडी पुढे सरकते तेथे ती होती, रूळ टाकतात तेथे होती, गावात नवे घर उभे राहते तेथेही होती.

समजा, आपण ओळीची रुंदी 256 ऐवजी 512 केली आणि या आज्ञा तशाच ठेवल्या. आता दहाव्या घराच्या खाली 522 वे घर आहे. परंतु गाडी जुन्या आज्ञेप्रमाणे 256 मिळवून 266 व्या घराकडे जाईल, आणि ते घर तर त्याच ओळीत दूर उजवीकडे आहे! खाली निघालेली गाडी बाजूच्या शेतात उगवावी, असा तो प्रकार होईल. म्हणजे मर्यादा एका जागी लिहिलेली नव्हती. लेखकाने ती गृहीत धरली होती, आणि जे गृहीत धरलेले असते ते सर्वत्र पसरते.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण देते. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी ते कुर्डुवाडी ही छोटी रेल्वे सुरू केली. तिच्या दोन रुळांतील अंतर 762 मिलिमीटर होते. पुढे ती वाढत जाऊन लातूर, पंढरपूर व मिरज यांना जोडणारी झाली. आपल्या मोठ्या रेल्वेचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर असतात. चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बार्शी रेल्वेचा हा सारा मार्ग रुंद करण्यात आला. ते काम म्हणजे केवळ एक रूळ उचलून थोडा पलीकडे ठेवणे नव्हे. पूल, वळणे, फलाट, इंजिने, डबे, जे जे त्या 762 मिलिमीटरवर विसंबून होते ते ते सारे नव्याने करावे लागले. संगणकातील आकड्याचे माप रुंद करणे हेही असेच काम आहे.

ठिगळाकडून नव्या वस्त्राकडे

ठिगळावर ठिगळ लावण्याला शेवटी सीमा असते. लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश तरुणाने निराळा मार्ग धरला. मूळ खेळाच्या यंत्रभाषेतील आज्ञा एक-एक वाचून, तिचा अर्थ लावून, त्याने सारा खेळ ‘सी’ या सुवाच्य भाषेत पुन्हा लिहिला. 2004 साली तो ‘ओपनटीटीडी’ या नावाने सर्वांसाठी खुला झाला. खुला म्हणजे केवळ फुकट असे नव्हे. त्याची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी, असा त्याचा अर्थ.

मग जगातील स्वयंसेवक कामाला लागले. जेथे जेथे ‘256 मिळवा’ असे होते, तेथे तेथे ‘नकाशाची जी रुंदी असेल ती मिळवा’ असे झाले. घराचा क्रमांक दोन बाइटांऐवजी चार बाइटांत लिहिला जाऊ लागला. आज या खेळाचा नकाशा 4096 गुणिले 4096, म्हणजे 1,67,77,216 घरांचा होऊ शकतो. मूळ नकाशाच्या 256 पट! आगगाड्या आरंभी 500 मिळतात आणि ती मर्यादा 5000 पर्यंत वाढविता येते. स्पर्धक कंपन्या आठ होत्या, त्या पंधरा होऊ शकतात. मूळ खेळात तारीख म्हणजे 1920 सालापासूनचे दिवस, आणि तेही दोन बाइटांत. 65,536 दिवस म्हणजे सुमारे 179 वर्षे. नव्या खेळाचे पंचांग इसवी सन 50,00,000 पर्यंत चालते.

या कामातील दोन गोष्टी मला विशेष आदरणीय वाटतात. पहिली ही की, नवे करताना त्यांनी जुन्याला दार बंद केले नाही. साठवून ठेवलेल्या प्रत्येक डावावर आवृत्तीचा क्रमांक असतो. नवा प्रोग्राम आधी तो क्रमांक वाचतो आणि मग जुन्या मापातील आकडे नव्या मापात ओततो. त्यामुळे मूळ खेळात कोणी साठविलेला डावही नव्या खेळात उघडतो. दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. मूळ खेळातील चित्रे आणि आवाज हे दुसऱ्याच्या मालकीचे होते. म्हणून स्वयंसेवकांनी प्रत्येक इंजिन, प्रत्येक झाड, प्रत्येक घर स्वतः नव्याने रेखाटले. 2010 साली 1.0 ही आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ खेळाच्या एकाही फायलीवाचून तो खेळता येऊ लागला होता.

ऐकीव गोष्टींपासून सावध

255 आणि शून्य यांची गोष्ट इतकी चटकदार आहे की, तिच्या नावावर एक दंतकथाही खपून गेली. 1991 साली सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ आला. त्यात भारताचे नेते म्हणून महात्मा गांधी आहेत. असे सांगितले जाई की, गांधीजींच्या आक्रमकतेला सर्वांत लहान म्हणजे 1 हा अंक दिला होता. देशात लोकशाही आली की त्यातून 2 वजा होत. आणि एका बाइटात उणे अंक मावत नसल्यामुळे तो आकडा उलटा फिरून 255 होई, मग गांधीजी अण्वस्त्रे टाकू लागत!

कित्येक वर्षे लोकांनी ही कथा खरी मानली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मायर यांनी स्पष्ट केले की, असा दोष त्या खेळात कधी नव्हताच. गणित बरोबर होते, पण घटना घडलेली नव्हती. एखादी गोष्ट घडू शकते एवढ्यावरून ती घडली असे समजू नये, हा धडा खेळापुरताच नाही.

मर्यादा गेल्याने काय गेले?

या प्रश्नाचाही विचार केला पाहिजे. ऐंशीच गाड्या आहेत म्हटल्यावर खेळाडू प्रत्येक गाडी विचारपूर्वक वापरतो. कोणता मार्ग तोट्यात आहे, कोणते इंजिन जुने झाले, हे त्याला पाहावे लागते. पाच हजार गाड्या मिळाल्या की, आळशी खेळाडू चुकीवर आणखी एक गाडी घालून मोकळा होतो. आमच्या त्या विद्यार्थ्यानेही नव्या खेळात पहिल्याच आठवड्यात एवढ्या गाड्या घेतल्या की, एका सांध्यापाशी सगळ्या एकामागे एक अडकून बसल्या. नंतर त्याने आपण होऊन आपल्यासाठी शंभराची मर्यादा घातली. बाहेरून घातलेली मर्यादा आणि समजून-उमजून स्वतः घातलेली मर्यादा यांतील अंतर त्याला त्या दिवशी कळले असावे.

खेळाबाहेरही हाच हिशेब चालतो. पुष्कळशा संगणकांत वेळ ही 1 जानेवारी 1970 पासून गेलेल्या सेकंदांत मोजली जाते. जुन्या रचनेत त्यासाठी 32 बिटांचे माप ठरविलेले आहे, आणि ते 19 जानेवारी 2038 रोजी भरून जाईल. नव्या संगणकांत हे माप रुंद केलेले आहे. परंतु कोठे एखाद्या जुन्या यंत्रात ते तसेच राहिले असेल, तर ते शोधून बदलणे हे गाड्यांच्या खेळापेक्षा पुष्कळ मोलाचे काम ठरेल. त्या दिवशी आजचे आठवीतील विद्यार्थी कमावत्या वयाचे झालेले असतील.

आपल्या अक्षरांची जागा

शेवटी, मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी मर्यादा सांगते. ती गाड्यांची नव्हे, अक्षरांची आहे.

मूळ खेळात प्रत्येक अक्षराला एकच बाइट मिळे, म्हणजे फार तर 256 चिन्हे. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि युरोपातील काही भाषांची खुणा लावलेली अक्षरे यांची सोय होती. देवनागरीला तेथे जागाच नव्हती. नव्या खेळाने ‘युनिकोड’ ही पद्धत स्वीकारली. तिच्यात जगातील लिप्यांना आपापली जागा नेमून दिलेली आहे. तिच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. एवढ्यानेही काम पुरे होत नाही. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठविली जाते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरांचे प्रकरण आणखी निराळे. ही सारी व्यवस्था करावी लागली, तेव्हा कोठे मराठी त्या पडद्यावर उमटू शकली.

आणि तेथे मराठीची फाइल आहे, हे पाहून मला आनंद झाला. पण तो अर्धाच टिकला. ती फाइल अपूर्ण भाषांतरांच्या कप्प्यात ठेवलेली होती. कोणी मराठी माणसाने मोठ्या हौसेने आरंभ केलेले काम पुरे झालेले नव्हते. येथे कोणत्याही यंत्राची आडकाठी नाही. जागा मोकळी झाली आहे, बसणारा तेवढा यावयाचा आहे.

या कामाला संगणकाच्या ज्ञानाइतकेच भाषेचे ज्ञान हवे. फलाट, सांधा, मालगाडी, वाघीण हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी सहज येत. मालाच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुले खूप हसली. तो ‘वॅगन’ शब्दाचा मराठी अवतार आहे हे कळल्यावर त्यांना तो आवडूही लागला. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी वारली किंवा कोकणा बोली बोलतात, बाजारात गुजराती चालते, शाळेत मराठी. माझी तर मातृभाषा कोकणी. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सराव आपणां सर्वांस रोजच आहे. तेव्हा हे काम आपल्याला परके नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या एक्याऐंशीव्या गाडीचे काय झाले? ती त्याला नव्या खेळात मिळाली. त्या खेळात गाडीला हवे ते नाव देता येते. रांध्याला आगगाडी येत नाही, आपले जवळचे स्थानक वापीच. तरी त्याने त्या गाडीचे नाव देवनागरीत लिहिले : ‘रांधा-वापी’. नाव पडद्यावर नीट उमटले. मग त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “बाई, बाकीचे शब्द कोण लिहिणार?”

या प्रश्नाचे उत्तर मी एकटीने द्यावयाचे नाही. म्हणूनच तो आपल्या वार्षिकाच्या पानावर, तुम्हां सर्वांपुढे ठेवीत आहे.